वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती : गॅस गेला कोठें?
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, यंत्राच्या दुरुस्तीसंबंधानें एका निवृत्त शाळामास्तरानें काय सांगावें? शंका रास्त आहे. मी मिस्त्री नव्हे आणि इंजिनियरही नव्हे. परंतु हा प्रश्न जितका यंत्राचा आहे, तितकाच व्यवहाराचा आहे. जी वस्तु आपणांस उघडून पाहतां येत नाहीं, तिच्या दुरुस्तीचे पैसे आपण कोणत्या भरंवशावर देतों? याचें उत्तर शोधावयास शाळेंतलें पदार्थविज्ञान आणि हिशेबाची एक वही एवढें साहित्य पुरतें, आणि या दोन्हीं वस्तूंशीं माझा जन्मभर संबंध आला आहे.

पिंपरी-चिंचवडचा परिसर म्हणजे यंत्रांचा मुलूख. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीन तयार करणारा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. पुढें ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोंचली. १९७० सालीं येथें नगरपालिका आली व १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. यंत्र चालविणारा, तें तपासणारा किंवा त्याची देखभाल करणारा मनुष्य येथल्या पुष्कळ घरांत सांपडतो.

त्या मनुष्यास विचारा. कारखान्यांतल्या यंत्रास क्रमांक असतो आणि त्याची एक नोंदवही असते. तेल केव्हां बदललें, पट्टा केव्हां तुटला, दाब किती होता, दुरुस्ती कोणीं केली, हें सर्व त्या वहींत तारखेनिशीं लिहिलेलें असतें. "कांहीं तरी बिघडलें होतें, कांहीं तरी केलें, आतां चालतें," एवढेंच सांगणाऱ्या कारागिरास तेथें कोणी दारांत उभें करणार नाहीं. परंतु हाच मनुष्य वैशाखांतल्या एखाद्या दुपारीं घरीं असतो, खोली थंड होत नाहीं म्हणून मिस्त्रीस बोलावितो, मिस्त्री पांच मिनिटें पाहून म्हणतो, "गॅस संपला आहे, भरावा लागेल," आणि हा गृहस्थ एकही प्रश्न न विचारतां पैशाचें पाकीट काढतो. कारखान्यांतली शिस्त चपलांबरोबर उंबरठ्याबाहेर राहते. ती घरांत आणावी, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

या यंत्रास, ज्यास आपण बोलण्यांत एसी म्हणतों, पूर्वीं चैनीची वस्तु मानीत. त्याचा जन्म मात्र चैनीसाठीं झालेला नाहीं. १९०२ सालीं अमेरिकेंत ब्रुकलीन येथील एका छापखान्यांत हवेंतील ओलाव्यामुळें कागद फुगे व आक्रसे, आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरानें हवेंतील ओलावा काबूंत ठेवणारी योजना सिद्ध केली. म्हणजे या यंत्रानें प्रथम सांभाळला तो माल. माणसाचा नंबर पुढें लागला. आज आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या घरांत जातो, सिमेंटच्या भिंती रात्रीं उशिरापर्यंत तापलेल्या राहतात, आणि वाकड-रावेतच्या उंच इमारतींतल्या वरच्या मजल्यावर एखादे वयोवृद्ध आजोबा किंवा तान्हें मूल असतें. अशा घरीं ऐन उन्हाळ्यांत यंत्र बंद पडणें ही नुसती गैरसोय राहत नाहीं. आणि माणूस अडलेला असतो तेव्हांच त्यास फसविणें सोपें जातें.

आतां यंत्र चालतें कसें तें पाहूं. आपल्या घरचा माठ डोळ्यांपुढें आणा. माठाच्या अंगांतून पाणी झिरपतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होतांना तें माठांतली उष्णता घेऊन जातें. द्रवाची वाफ होण्यास उष्णता लागते, हा तो नियम. वातानुकूलन यंत्रांत हाच नियम राबविलेला आहे. पाण्याऐवजीं तेथें असा पदार्थ घेतात कीं जो फार कमी उष्णतेवर उकळतो. हल्लींच्या पुष्कळ यंत्रांत आर-३२ नांवाचा गॅस असतो. तो उघड्या हवेच्या दाबाखालीं शून्याखालीं सुमारें ५२ अंशांवरच उकळतो. खोलींतल्या भागांत नळ्यांचें जें वेटोळें असतें, त्यांत या द्रवाची वाफ होते व ती खोलींतली उष्णता शोषून घेते. बाहेरच्या पेटींतील कॉम्प्रेसर ही वाफ दाबून तापवितो. बाहेरच्या वेटोळ्यावर पंखा वारा घालतो, तेथें उष्णता बाहेर टाकून वाफेचा पुन्हां द्रव होतो, आणि तो द्रव परत आंत येतो. असा हा फेरा अखंड चालतो.

माठ आणि यंत्र यांत एक मोठा भेद आहे, आणि आजच्या विषयाची सगळी किल्ली त्या भेदांत आहे. माठांतलें पाणी हवेंत निघून जातें, म्हणून माठ रोज भरावा लागतो. यंत्रांतला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो; तो खर्च होत नाहीं, जळत नाहीं, झिजत नाहीं. स्कूटरच्या पेट्रोलशीं त्याची तुलना करणें चूक आहे. तेव्हां "गॅस संपला" या वाक्यास विज्ञानांत अर्थ नाहीं. तो एक तर आहे तेवढाच आहे, किंवा कोठून तरी गळला आहे. मिस्त्रीनें गॅस कमी असल्याचें सांगितलें कीं दुसरा प्रश्न तोंडांतून निघालाच पाहिजे : "गॅस गेला कोठें?" जो कारागीर ती गळती शोधल्यावांचून वरून गॅस भरूं पाहतो, तो फुटक्या घागरींत पाणी ओततो आहे, आणि पाण्याचे पैसे आपण देत आहों.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें लागोपाठ तीन उन्हाळे असें पाणी ओतलें. तिसऱ्या वर्षीं घरांतल्या सूनबाईंनीं जुनीं बिलें काढून मिस्त्रीपुढें ठेवलीं व विचारलें कीं, दर चैत्रांत भरलेला गॅस पुढल्या चैत्रापर्यंत जातो कोठें? तेव्हां कोठें साबणाच्या फेसानें सांधे तपासले गेले. बाहेरच्या पेटीपाशीं जो पितळी नट असतो, तेथें बुडबुडे आले. नळीचें तोंड नीट करून नट पुन्हां बसविण्याचें काम अर्ध्या तासाचें होतें.

गळतीचें काम कसें करावें, याची एक ठरलेली रीति आहे. प्रथम नायट्रोजन वायु दाबानें भरून गळती शोधावयाची, मग सांधा दुरुस्त करावयाचा. त्यानंतर व्हॅक्यूम पंपानें नळ्यांतली हवा व ओलावा पूर्णपणें काढून टाकावयाचा. कारण आंत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरचा शत्रु आहे. शेवटीं यंत्राच्या पट्टीवर जितके ग्रॅम लिहिलेले असतील तितकाच गॅस तराजूवर तोलून भरावयाचा. नायट्रोजन, पंप आणि तराजू हीं तीन साधनें ज्याच्यापाशीं नाहींत, त्याच्याकडून हें काम करवूं नये. नायट्रोजनच्या जागीं कोणी ऑक्सिजनचा बाटला आणला तर त्यास दारांतूनच परत पाठवावें. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशीं दाबाखालच्या ऑक्सिजनची गांठ पडली कीं स्फोट होतो. आर-३२ हाही मंद रीतीनें पेट घेणारा वायु आहे, आणि कांहीं यंत्रांत जो आर-२९० असतो तो म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. जुन्या यंत्रांतला आर-२२ आणि हे नवे वायु एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. म्हणून पट्टीवरचें नांव आपण स्वतः वाचावें व बाटल्यावरचेंही वाचावें.

गळलेला गॅस आपल्या खिशाबाहेरही नुकसान करतो. आर-२२ हा वायु पृथ्वीभोंवतालच्या ओझोनच्या थरास पातळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें तो हळूहळू बाद होत आहे. आर-३२ ओझोनला अपाय करीत नाहीं. परंतु हवेंत सुटलेला एक किलो आर-३२ शंभर वर्षांच्या हिशेबानें सुमारें ६७५ किलो कार्बन डायॉक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. असे वायु कमी करण्याचा करार २०१६ सालीं किगाली येथें झाला व भारतानें त्यास २०२१ सालीं मान्यता दिली. खोली थंड करतां करतां आपण गांव तापवीत असूं, तर तो व्यवहार कोणत्या वहींत जमा धरावयाचा?

गॅसचें एवढें पुराण सांगितलें, तरी बहुतेक तक्रारींत गॅसचा दोष नसतो. आपल्या भागांत मोशी, ताथवडे, चाकण येथें बांधकामें व रहदारी यांची धूळ अतोनात आहे. ही धूळ आंतल्या जाळीवर बसली कीं वारा कमी होतो, थंडावा खोलींत पोहोंचत नाहीं, आणि कधीं कधीं वेटोळ्यावर चक्क बर्फ जमतो. ती जाळी काढून नळाखालीं धुणें हें घरांतल्या दहा वर्षांच्या मुलासही जमेल. उन्हाळ्यांत दर पंधरवड्यास तें करावें. बाहेरच्या पेटीवर धूळ बसते, तिच्यामागें पारवे घरटीं करतात, आणि उष्णता बाहेर टाकण्याची वाट बंद होते. खोलींत पाणी टपकूं लागलें तर बहुधा पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते. बाहेरचा पंखा किंवा कॉम्प्रेसर नुसता घुमतो व सुरू होत नाहीं, तेव्हां पुष्कळदां कपॅसिटर नांवाचा एक लहानसा भाग गेलेला असतो. तो स्वस्त असतो. कॉम्प्रेसर महाग असतो. म्हणून "कॉम्प्रेसर गेला" असें कोणी म्हटलें तर कपॅसिटर तपासला काय, हें विचारल्याशिवाय होकार देऊं नये. मात्र कपॅसिटरला घरच्या माणसानें हात लावूं नये. वीज बंद केल्यावरही त्यांत विद्युत्भार शिल्लक राहतो. आणखी एक स्थानिक गोष्ट : ज्यांचीं घरें सांडपाण्याच्या ओढ्याजवळ आहेत, तेथें हवेंतील गंधकयुक्त वायूमुळें तांब्याच्या बारीक नळ्या लवकर खाल्ल्या जातात. अशा घरीं वेटोळ्यास संरक्षक लेप असलेलें यंत्र घ्यावें.

यंत्राची नाडी पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. साधा उष्णतामापक घेऊन, यंत्र पंधरावीस मिनिटें चालल्यावर, आंत शिरणाऱ्या हवेची व बाहेर येणाऱ्या हवेची उष्णता मोजावी. निरोगी यंत्रांत या दोहोंत सर्वसाधारणपणें ८ ते १२ अंशांचें अंतर पडतें. पावसाळी दमट हवेंत तें कांहींसें कमी भरतें. दुरुस्तीपूर्वीं एकदां व दुरुस्तीनंतर एकदां हा आंकडा घेतला, कीं काम झालें किंवा नाहीं हें सांगावयास कोणाच्या शपथेची जरुरी उरत नाहीं.

आतां दुरुस्तीची कंपनी कशी निवडावी? पहिली गोष्ट, तिचा दूरध्वनि क्रमांक यंत्राच्या हमीपत्रावरून किंवा खरेदीच्या बिलावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधतां जो पहिला क्रमांक दिसेल तो खऱ्या कंपनीचाच असतो असें नाहीं. नामांकित कंपनीचें नांव लावून बसलेले तोतये तेथें पुष्कळ आहेत. तक्रार नोंदवितांना जो आपला बँकेचा क्रमांक किंवा मोबाईलवर आलेले गुप्त आंकडे विचारील, तो दुरुस्तीवाला नव्हे हें निश्चित समजावें. हमीची मुदत चालू असेल तोंवर अधिकृत केंद्राकडेच जावें, नाहीं तर हमी बुडण्याचा संभव असतो. मुदत संपल्यावर गल्लींतल्या स्वतंत्र कारागिरासही काम देण्यास हरकत नाहीं. कित्येकदां तोच अधिक आस्थेनें करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकविला जातो. मोरवाडीस खुद्द आपल्या महानगरपालिकेची अशी संस्था आहे. तेव्हां "आपण हें काम कोठें शिकलांत?" असें आदरानें विचारावें. शिकलेल्या माणसास या प्रश्नाचा राग येत नाहीं.

दुसरी गोष्ट दराची. अगदीं नाममात्र दरांत यंत्र धुऊन देण्याच्या जाहिराती आपण पाहतों. त्या दरांत माणसाचा येण्याजाण्याचा खर्चही निघत नसेल, तर त्याची कमाई कोठें होते? बहुधा गॅसमध्यें आणि बदललेल्या भागांत होते. ज्या कारागिराचा पगार विकलेल्या मालावर ठरतो, त्याच्याकडून निःपक्षपाती निदानाची अपेक्षा करणें म्हणजे त्याच्यावरही अन्याय आहे. म्हणून जी कंपनी तपासणीचे पैसे आधीं सांगते, ते रीतसर घेते, आणि "तूर्त कांहींच करावयास नको" असें सांगून परत जाण्याची जिला मुभा परवडते, ती कंपनी प्रथमदर्शनीं महाग वाटली तरी अखेरीस स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट लेखी कागदाची. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. बिलावर यंत्राचा क्रमांक, केलेलें काम, भरलेल्या गॅसचें नांव व वजन, आणि दुरुस्तीची हमी किती दिवसांची हें लिहून घ्यावें. वार्षिक देखभालीचा करार करतांना त्यांत सुटे भाग, गॅस व कॉम्प्रेसर धरले आहेत कीं नुसती धुलाई, हें बारीक अक्षरांत वाचावें. हें सारें भांडणासाठीं नव्हे. पण प्रसंग आलाच तर कायदा आपल्या बाजूस आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. सेवेंतील त्रुटि ही त्याखालीं तक्रारीची बाब आहे, आणि आपण राहतों त्याच जिल्ह्यांतील ग्राहक आयोगाकडे, म्हणजे आपल्या बाबतींत पुण्यास, तक्रार करतां येते. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास त्यासाठीं फी पडत नाहीं. त्याआधीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर गाऱ्हाणें नोंदवितां येतें. परंतु जेथें बिलच नाहीं तेथें आयोग तरी काय करणार?

चौथी गोष्ट सांगावयास मला विशेष अगत्य वाटतें. आपल्या उंच इमारतींत बाहेरची पेटी पुष्कळदां अशा जागीं टांगलेली असते कीं, तेथें पोहोंचावयास खिडकीबाहेर सज्जाच्या अरुंद कडेवर उभें राहावें लागतें. वीस-बावीस वर्षांचा मुलगा बाराव्या मजल्यावर एका हातानें गज धरून दुसऱ्या हातानें पाना फिरवितो, आणि आपण आंतून "लवकर करा हो" म्हणतों. सुरक्षेचा पट्टा व दोर यांशिवाय कोणालाही बाहेर पाऊल ठेवूं देऊं नये. ज्या कंपनीचा माणूस पट्टा घेऊन येतो, ती कंपनी आपल्या कामाचीही काळजी घेत असेल असें मानावयास जागा आहे. आणि नवें घर सजवितांना पेटी बाल्कनींतून हातीं येईल अशा ठिकाणीं बसवून घेणें, हें त्या मुलाच्या आईवर केलेले मोठे उपकार होत.

यंत्रावरचा भार हलका केला तर दुरुस्तीही लांबते. १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रांस चालू करतांना २४ अंश हाच आंकडा प्रथम यावा, असा सरकारी नियम आहे. एक अंश वर ठेवल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. २४ वर यंत्र व सोबत छतावरचा पंखा मंद, एवढ्यानें बहुतेक घरांचें काम भागतें.

आतां त्या वहीविषयीं. शंभर पानी साधी वही घ्यावी. पहिल्या पानावर यंत्राचा क्रमांक, खरेदीची तारीख, गॅसचें नांव आणि पट्टीवर लिहिलेलें त्याचें वजन उतरून ठेवावें. पुढें प्रत्येक भेटीस एक ओळ : तारीख, तक्रार, आंत-बाहेरच्या हवेचे दोन आंकडे, केलेलें काम, भरलेल्या गॅसचे ग्रॅम, बदललेला भाग, दिलेले पैसे आणि कारागिराची सही. सही मागितली कीं प्रामाणिक माणसाचा हुरूप वाढतो आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाची घाई वाढते. दोन्हीं गोष्टी आपणांस कळलेल्या बऱ्या. दोन-तीन वर्षांनीं यंत्र दुरुस्त करावें कीं बदलावें असा प्रश्न उभा राहिला, म्हणजे ती वही विक्रेत्यापेक्षां चांगला सल्ला देईल. गॅसची ओळ दर वर्षीं येत असेल तर वेटोळें खाल्लें गेलें असें समजावें. आणि यंत्र जुन्या आर-२२ चें असेल तर त्यांत पुन्हां मोठी रक्कम घालण्यापूर्वीं नव्या यंत्राचा भाव अवश्य काढावा.

हें काम चैत्रावर मात्र टाकूं नये. उन्हाचा तडाखा सुरू झाला कीं चांगल्या कारागिरास आठ-आठ दिवस सवड नसते, आणि ज्यास लगेच सवड असते त्याविषयीं थोडा विचार करावा लागतो. माघ महिन्यांत, थंडी सरतांना, त्यास बोलवावें. तो सावकाश काम करतो, प्रश्नांचीं उत्तरें देतो, चहाही घेतो. त्या वेळीं वही टेबलावर उघडून ठेवावी, आणि त्यानें गॅसचें नांव काढलें तर शांतपणें विचारावें, तो गेला कोठें?